मिलुतिन मिलांकोविच

मिलुतिन मिलांकोविच (जन्म : २८ मे १८७९, दाल्य, मृत्यू : १२ डिसेंबर १९५८, बेलग्रेड) हे सर्बियन गणितज्ञ, स्थापत्य अभियंते, खगोलशास्त्रज्ञ आणि भूभौतिकीतज्ज्ञ होते. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा आणि पृथ्वीच्या अक्षाची स्थिती यांत हजारो वर्षांच्या कालावधीत अतिशय संथ बदल होतात. या बदलांमुळे हिमकाल येतात आणि ओसरतात, हा सिद्धांत त्यांनी गणिताच्या पायावर उभा केला. हे बदल आज मिलांकोविच आवर्तने या नावाने ओळखले जातात. प्राचीन हवामानाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचा हा सिद्धांत एक मुख्य आधारस्तंभ मानला जातो. जागतिक तापमानवाढीच्या चर्चेत त्यांचे नाव वारंवार घेतले जाते, आणि अनेकदा ते चुकीच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभे केले जाते.

बालपण आणि शिक्षण

मिलांकोविच यांचा जन्म डॅन्यूब नदीच्या काठावरील दाल्य या गावी एका सधन सर्ब कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. भावंडांत ते थोरले होते आणि मिलेना ही त्यांची जुळी बहीण होती. वडील मिलुतिन लहान असतानाच वारले. तीन भाऊ कोवळ्या वयात क्षयाने गेले. पुढे आई आणि मामा यांनी मुलांचा सांभाळ केला. मिलुतिन यांची स्वतःची प्रकृतीही नाजूक असल्याने त्यांचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले.

माध्यमिक शिक्षणासाठी ते ओसियेक येथे गेले. तेथे व्लादिमिर वारिचाक हे गणिताचे शिक्षक त्यांना लाभले. एका चांगल्या शिक्षकामुळे विद्यार्थ्याच्या आयुष्याची दिशा ठरते याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात अनेक आहेत, त्यांपैकी हे एक होय. १८९६ मध्ये मिलांकोविच व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाले. १९०४ मध्ये त्यांना दाबवक्रांच्या सिद्धांतावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळाली.

काँक्रीटकडून आकाशाकडे

शिक्षणानंतर काही वर्षे त्यांनी व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत काम केले. प्रबलित काँक्रीट हे तेव्हा नवे साहित्य होते. धरणे, पूल आणि जलसेतू यांच्या रचनेत मिलांकोविच यांनी नाव मिळवले आणि काही एकस्वेही घेतली. पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही हाती असताना, १९०९ मध्ये बेलग्रेड विद्यापीठाने त्यांना उपयोजित गणिताच्या अध्यासनावर बोलावले. पगार पुष्कळच कमी होता, तरीही त्यांनी ते निमंत्रण स्वीकारले. यापुढे त्यांनी आयुष्यभर बेलग्रेड हेच आपले गाव मानले.

अभियंत्याची सवय मात्र सुटली नाही. पुलावर किती भार पडेल हे ज्याप्रमाणे आधी काढता येते, त्याप्रमाणे पृथ्वीवर कोणत्या अक्षवृत्तावर, कोणत्या ऋतूत, किती उष्णता पडते हेही काढता आले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्या काळी हवामानशास्त्र हे मुख्यतः नोंदींचे शास्त्र होते. ठिकठिकाणचे तापमान मोजावे, सरासरी काढावी आणि तक्ते करावेत, एवढेच त्याचे स्वरूप होते. निरीक्षणे न वापरता केवळ सूर्याच्या प्रारणावरून पृथ्वीचे तापमान काढणे शक्य आहे का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. हे गणित साधले, तर तापमापक नव्हते त्या काळाचे, आणि तापमापक पोहोचू शकत नाही अशा ग्रहांचेही हवामान कळू शकेल, ही त्यामागची कल्पना होती. १९१२ पासून या विषयावरील त्यांचे लेख प्रसिद्ध होऊ लागले.

युद्ध आणि बंदिवास

१४ जून १९१४ रोजी त्यांचा विवाह क्रिस्तिना तोपुझोविच यांच्याशी झाला. नवदांपत्य दाल्य येथे गेले आणि त्याच सुमारास पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली. मिलांकोविच आता सर्बियाचे नागरिक होते, आणि जन्मगाव शत्रुराष्ट्राच्या हद्दीत होते. त्यांना अटक झाली. प्रथम ओसियेकच्या किल्ल्यात आणि नंतर नेझसिदेर येथील छावणीत त्यांना ठेवण्यात आले. कोठडीचे दार बंद झाल्यावर त्यांनी पेटीतून आपले कागद काढले आणि अर्धवट राहिलेले गणित पुढे सुरू केले, असे त्यांच्या आठवणींत नमूद आहे.

क्रिस्तिना यांनी व्हिएन्नाला जाऊन पतीचे जुने प्राध्यापक एमानुएल चुबर यांची मदत मागितली. चुबर यांच्या खटपटीमुळे डिसेंबर १९१४ मध्ये मिलांकोविच यांची छावणीतून सुटका झाली. बुडापेस्टमध्ये राहावे, शहर सोडू नये आणि पोलिसांकडे हजेरी द्यावी, अशी अट होती. हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाचे प्रमुख काल्मान सिली हे स्वतः गणिताचे जाणकार होते. त्यांनी या शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला ग्रंथालयाची दारे उघडून दिली. पुढची चार वर्षे मिलांकोविच तेथे शांतपणे काम करीत राहिले. युरोपात माणसे लाखोंनी मरत असताना मंगळाच्या हवामानाचे गणित मांडले जात होते, हे काहींना विचित्र वाटेल. मंगळावर कालवे आणि बुद्धिमान प्राणी असल्याची चर्चा त्या काळी जोरात होती. मिलांकोविच यांच्या गणिताने दाखवून दिले, की तो ग्रह अत्यंत थंड आहे. याच मुक्कामात १९१५ मध्ये त्यांना वासिलिये हा मुलगा झाला.

१९१९ मध्ये ते कुटुंबासह बेलग्रेडला परतले. बंदिवासातील कामाचे फलित असलेला, सौर प्रारणामुळे होणाऱ्या औष्णिक घटनांच्या गणिती सिद्धांतावरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाला.

सिद्धांताचे स्वरूप

हिमकालाचे कारण आकाशात शोधणारे मिलांकोविच हे पहिले नव्हते. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ आदेमार यांनी १८४२ मध्ये आणि स्कॉटलंडचे जेम्स क्रॉल यांनी १८६० नंतर तसा प्रयत्न केला होता. क्रॉल हे ग्लासगोतील एका संग्रहालयात रखवालदाराचे काम करीत आणि तेथील ग्रंथालयात वाचन करून त्यांनी हे शास्त्र आत्मसात केले होते. मराठी वाचकाला क्रॉल यांचे नाव अगदीच परके नसावे. लोकमान्य टिळकांनी आपल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) या ग्रंथात क्रॉल यांच्या सिद्धांताची चर्चा केली आहे. क्रॉल यांच्या हिशेबाने शेवटचा हिमकाल सुमारे ८०,००० वर्षांपूर्वी संपला. अमेरिकन भूशास्त्रज्ञांच्या मते तो संपून सुमारे १०,००० वर्षेच झाली होती. टिळकांनी दुसरे मत ग्राह्य मानले. त्यांचा आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा निष्कर्ष आज स्वीकारला जात नाही. परंतु हिमकालाच्या तारखेबाबत त्यांनी निवडलेली बाजू बरोबर ठरली. याच विसंगतीमुळे क्रॉल यांचा सिद्धांत विसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडला होता.

मिलांकोविच यांनी तीन गती एकत्र विचारात घेतल्या. पहिली कक्षेच्या आकाराची. पृथ्वीची कक्षा कधी जवळजवळ वर्तुळाकार, तर कधी किंचित लांबट होते, आणि हा बदल सुमारे १,००,००० वर्षांच्या आणि त्याहूनही दीर्घ, सुमारे ४,००,००० वर्षांच्या आवर्तनाने होतो. दुसरी गती अक्षाच्या कलाची. हा कल सुमारे २२.१ आणि २४.५ अंशांच्या दरम्यान ४१,००० वर्षांत हेलकावतो. आज तो सुमारे २३.४४ अंश असून कमी होत आहे. तिसरी गती भोवऱ्याच्या डोलण्यासारखी आहे. भोवरा मंदावला म्हणजे त्याचा दांडा गोल फिरतो, तसा पृथ्वीचा अक्षही अवकाशात गोल फिरतो. भारतीय ज्योतिषात हिला अयनचलन म्हणतात. हिच्यामुळे आणि कक्षा स्वतःही संथपणे फिरत असल्यामुळे, पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते तो दिवस वर्षभरातून सरकत जातो. या आवर्तनाचा काळ सरासरीने २३,००० आणि १९,००० वर्षांचा आहे. सध्या हा दिवस जानेवारीच्या आरंभी येतो.

या गतींमुळे संपूर्ण पृथ्वीला वर्षभरात मिळणाऱ्या एकूण उष्णतेत फारच थोडा फरक पडतो. फरक पडतो तो वाटणीत, म्हणजे कोणत्या ऋतूत, कोणत्या अक्षवृत्तावर किती उष्णता पडणार यात. क्रॉल यांनी कडक हिवाळ्याला महत्त्व दिले होते. जर्मन हवामानतज्ज्ञ व्लादिमिर क्योपेन यांचे मत असे, की निर्णायक ऋतू उन्हाळा आहे, आणि मिलांकोविच यांनी ते स्वीकारले. प्रथम ऐकताना हे उलटे वाटते. परंतु उत्तरेकडील थंड प्रदेशात हिवाळ्यात बर्फ पडणारच. हिवाळा आणखी चार अंशांनी थंड झाला म्हणून फार काही बिघडत नाही. खरा प्रश्न असतो तो पडलेले बर्फ पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण वितळते की नाही. उन्हाळा सौम्य झाला तर थोडे बर्फ शिल्लक राहते. त्यावर पुढच्या वर्षीचे बर्फ साचते. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाश परतवतो, त्यामुळे प्रदेश आणखी थंड होतो. असे हजारो वर्षे चालले म्हणजे किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचे हिमस्तर तयार होतात. यासाठी जमीन लागते, आणि ती उत्तर गोलार्धात आहे. म्हणून ६५ अंश उत्तर अक्षवृत्तावरील उन्हाळ्याचे प्रारण हा या सिद्धांतातील कळीचा आकडा ठरला.

क्योपेन यांच्याशी पत्रव्यवहार १९२२ मध्ये सुरू झाला. त्यांच्या सूचनेवरून मिलांकोविच यांनी ५५, ६० आणि ६५ अंश उत्तर या अक्षवृत्तांसाठी गेल्या ६,५०,००० वर्षांचे उन्हाळी प्रारण काढले. गणकयंत्रे नव्हती. सकाळपासून रात्रीपर्यंत हाताने आकडेमोड करीत हे काम त्यांनी सुमारे १०० दिवसांत पूर्ण केले. क्योपेन आणि त्यांचे जावई, भूखंडवहनाचा सिद्धांत मांडणारे आल्फ्रेड वेगेनर, यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात हा आलेख छापला. आल्प्स पर्वतात पेंक आणि ब्र्युकनर यांनी ओळखलेल्या चार हिमकालांशी तो जुळत असल्याचे दिसले, आणि मिलांकोविच यांचे नाव युरोपभर झाले.

कालगणना आणि इतर लेखन

१९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या परिषदेत मिलांकोविच यांनी सुधारित ज्युलियन कालगणना मांडली. ज्या शतकवर्षाला ९०० ने भागल्यावर बाकी २०० किंवा ६०० उरते, तेवढेच लीप वर्ष धरावे, हा तिचा नियम. या कालगणनेचे वर्ष ग्रेगोरियन वर्षापेक्षा सौर वर्षाच्या अधिक जवळ जाते, आणि तरीही दोन्हींत २८०० सालापर्यंत एका दिवसाचाही फरक पडत नाही. ग्रीक, रुमानियन इत्यादी चर्चनी ती स्थिर सणांसाठी स्वीकारली. त्यांच्या स्वतःच्या सर्बियन चर्चने मात्र जुनीच कालगणना चालू ठेवली.

सर्वसामान्य वाचकांसाठी त्यांनी एका अनामिक स्त्रीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात विश्व आणि विज्ञानाचा इतिहास सांगणारे पुस्तक १९२८ मध्ये लिहिले. ते सर्बियन भाषेत आजही वाचले जाते.

‘कॅनन’ ग्रंथ आणि अखेरची वर्षे

तीस वर्षांच्या कामाचे संकलन करून त्यांनी पृथ्वीच्या प्रारणाविषयीचा ‘कॅनन’ हा सहाशेहून अधिक पानांचा जर्मन ग्रंथ सिद्ध केला. छपाई होत असतानाच ६ एप्रिल १९४१ रोजी जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँबहल्ला केला. छापखाना उद्ध्वस्त झाला. गोदामातील छापील पाने मात्र बहुतेक वाचली आणि ग्रंथ प्रसिद्ध होऊ शकला. मे महिन्यात दोन जर्मन अधिकारी त्यांच्या दारी आले. ते भूशास्त्राचे विद्यार्थी होते आणि त्यांच्या प्राध्यापकांनी विचारपूस करण्यासाठी त्यांना पाठवले होते. मिलांकोविच यांनी ग्रंथाची एक प्रत जपणुकीसाठी त्यांच्या हाती दिली. ज्या सैन्याने शहर जाळले त्याच सैन्यातील माणसांवर हा विश्वास टाकताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच करावी लागते. जर्मन ताब्याच्या काळात त्यांनी विद्यापीठाच्या कामात भाग घेतला नाही आणि आपल्या आठवणी लिहिल्या.

युद्धानंतर ते सर्बियन विज्ञान अकादमीचे उपाध्यक्ष झाले. काही वर्षे बेलग्रेड वेधशाळेचे संचालकही होते. १२ डिसेंबर १९५८ रोजी बेलग्रेड येथे पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे अवशेष दाल्य येथील कुटुंबाच्या दफनभूमीत नेण्यात आले.

उपेक्षा आणि पुनरुज्जीवन

मिलांकोविच यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या सिद्धांताला ओहोटी लागली होती. १९५० च्या दशकात किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने वय काढण्याची पद्धत प्रचारात आली आणि तिच्या तारखा त्यांच्या आलेखाशी पटेनात. शिवाय आल्प्समधील चार हिमकालांची मांडणीच अपुरी होती, हिमकाल चारांहून बरेच अधिक झाले होते, हे पुढे उघड झाले. म्हणजे ज्या पुराव्यामुळे सिद्धांताला मान्यता मिळाली तो पुरावा कच्चा निघाला, आणि सिद्धांत मात्र खरा होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे.

खरा पुरावा समुद्राच्या तळाशी होता. फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचे तळाच्या गाळात थराथराने साचतात. त्या कवचांतील ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण त्या त्या काळच्या तापमानावर आणि जमिनीवर साठलेल्या बर्फावर अवलंबून असते. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये या मार्गाने अनेक हिमकालांची मालिका दाखवली. बार्बाडोस बेटावरील प्राचीन प्रवाळांच्या वयानेही १९६० च्या दशकात मिलांकोविच यांच्या बाजूने कौल दिला. निर्णायक ठरला तो डिसेंबर १९७६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला जेम्स हेज, जॉन इंब्री आणि निकोलस शॅकल्टन यांचा शोधनिबंध. दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या दोन गाभ्यांत त्यांना गेल्या सुमारे ४,५०,००० वर्षांची नोंद मिळाली, आणि तिच्यात कक्षेच्या, कलाच्या व अयनचलनाच्या आवर्तनांचे ठसे स्पष्ट दिसले. मिलांकोविच जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

मोसमी पावसाच्या इतिहासासाठीही हा सिद्धांत उपयोगी पडला. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी पृथ्वी उत्तरेकडील उन्हाळ्यात सूर्याच्या अधिक जवळ असे. त्यामुळे जमीन अधिक तापून भारतातील व आफ्रिकेतील मोसमी वारे अधिक जोरकस होते, असे जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये संगणकीय प्रतिमानाने दाखवले. अरबी समुद्राच्या तळातील गाळावरून पूर्वीच्या मोसमी पावसाचा माग काढण्याचे काम गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही झाले आहे.

सर्व प्रश्न सुटले असे नाही. कक्षेच्या आकारातील बदलाचा प्रारणावरील थेट परिणाम फार लहान आहे. तरीही गेल्या सुमारे दहा लाख वर्षांत हिमकाल साधारणपणे १,००,००० वर्षांच्या अंतराने आले, आणि त्यापूर्वी ते ४१,००० वर्षांच्या तालावर येत होते. हा ताल का बदलला यावर अद्याप एकमत नाही.

जागतिक तापमानवाढीचा वाद

हवामान नेहमीच बदलत आले आहे, मग आजच्या तापमानवाढीसाठी माणसाला दोष का द्यावा, असा युक्तिवाद करणारे अनेकदा मिलांकोविच आवर्तनांचा दाखला देतात. मिलांकोविच यांचे गणित त्यांना साथ देत नाही. ही आवर्तने हजारो वर्षांच्या मापाने चालतात. शे-दीडशे वर्षांत त्यांचा परिणाम नगण्य असतो. शिवाय गेली काही हजार वर्षे उत्तर गोलार्धातील उन्हाळी प्रारण घटत आले आहे. केवळ कक्षेचा प्रभाव असता, तर पृथ्वी अतिशय मंद गतीने थंड होत राहिली असती. प्रत्यक्षात २०११ ते २०२० या दशकाचे सरासरी तापमान १८५०–१९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सियसने अधिक होते. १९७६ च्या निबंधातही पुढील काही हजार वर्षांचा कल थंडीकडे असल्याचे म्हटले होते, परंतु मानवी हस्तक्षेप वगळूनच. हा भाग गाळून तो निबंध उद्धृत करण्याची प्रथा दुर्दैवाने रूढ झाली आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून असे दिसले, की हिमकाल संपताना तेथील तापमान आधी वाढू लागले आणि कार्बन डायऑक्साइड काही शतकांनी वाढला. मग कारण कोणते आणि कार्य कोणते? याचे उत्तर मिलांकोविच यांच्या सिद्धांतातच सुरू होते, पण तेथे संपत नाही. कक्षेतील बदल हा आरंभाचा धक्का असतो. त्यामुळे बर्फ वितळते, समुद्राचे अभिसरण बदलते, समुद्र कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, आणि हा वायू साऱ्या पृथ्वीची उष्णता वाढवतो. याच वायूमुळे दोन्ही गोलार्ध बरोबरीने तापतात, जे केवळ प्रारणाच्या वाटणीने समजावता येत नाही. जेरेमी शाकुन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरातील ८० ठिकाणांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा शेवटच्या हिमकालाच्या अखेरीस जागतिक सरासरी तापमान बहुतांशी कार्बन डायऑक्साइडच्या मागून वाढल्याचे आढळले. मिलांकोविच यांच्या स्वतःच्या गणितात या वायूच्या कमी-अधिक होण्याला स्थान नव्हते, ही त्यांच्या सिद्धांताची मर्यादा म्हणावी लागेल.

अंटार्क्टिकाच्या डोम सी येथील बर्फात ८,००,००० वर्षांची हवा साठलेली आहे. या सबंध काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १८० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिले. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. शेवटचा हिमकाल संपताना सुमारे ८० भागांची वाढ होण्यास काही हजार वर्षे लागली. औद्योगिक क्रांतीनंतर सुमारे १४० भागांची वाढ होण्यास पावणेतीनशे वर्षेही लागली नाहीत.

गौरव

चंद्रावरील आणि मंगळावरील एकेका विवराला तसेच १६०५ क्रमांकाच्या लघुग्रहाला मिलांकोविच यांचे नाव देण्यात आले आहे. युरोपातील भूविज्ञान संघटनेतर्फे प्राचीन हवामानाच्या अभ्यासासाठी त्यांच्या नावाचे पदक दिले जाते. सर्बियाच्या २००० दिनारच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. दाल्य येथील त्यांच्या जन्मघराचे जतन करून तेथे सांस्कृतिक आणि वैज्ञानिक केंद्र उभारण्यात आले आहे.